पैलवान आणि मागच्या चाकाचा नट

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही नीट आठवत नाही. एवढंच ठाऊक आहे, की तेव्हा डोंगरापलीकडच्या त्या गावात मोटारसायकल एकच होती, आणि ती रायाप्पा पैलवानाची होती.

रायाप्पानं तरुणपणी पंचक्रोशीतले आखाडे गाजवले होते. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते. पण गाव अजून त्याला पैलवानच म्हणायचं, आणि ते ऐकलं की त्याची छाती आपोआप फुगायची.

त्याच्या शेजारी बाळाक्का एकटीच राहायची. सारा जन्म तिनं गावाच्या गोधड्या शिवल्या होत्या. पण दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता. माणसं तिला सावल्यांसारखी दिसायची. सुई तर दिसायचीच नाही.

वर्षातून एकदा तालुक्याला डोळ्यांचे डॉक्टर यायचे, तीन दिवस थांबायचे आणि निघून जायचे. यंदा रायाप्पा तिला म्हणाला होता, "अक्का, शेवटच्या दिवशी गर्दी कमी असते. मी तुला गाडीवरून नेतो. माझा शब्द."

शेवटचा दिवस उजाडला. बाळाक्का धुतलेलं लुगडं नेसून, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन रायाप्पाच्या ओट्यावर येऊन बसली. आणि रायाप्पानं पाहिलं, तर गाडीचं मागचं चाक पार बसलेलं.

"पंक्चर आहे," तो म्हणाला. "चाक काढतो, ठिगळ लावतो. घटकाभराचं काम."

ठिगळ लावायला तो सायकलवर शिकला होता. पण या गाडीचं मागचं चाक त्यानं आजवर कधी खोललं नव्हतं. त्यानं मोठा पाना नटावर बसवला आणि जोर लावला. नट हलला नाही. त्यानं पायानं रेटा दिला. नट हलला नाही. त्यानं नटावर रॉकेल ओतलं, पान्याच्या दांड्यावर हातोडी घातली. पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली.

सुगंधा, त्याची बायको, हळद घेऊन धावत आली. "अहो, पारावर पोरं बसलीत. दोघांना बोलावू का?"

"कशाला?" रायाप्पा गुरगुरला. "पैलवानाला नट निघाला नाही म्हणून गावभर सांगायला?" आणि त्यानं उठून अंगणाचं फाटक लावून घेतलं.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात आलं. रायाप्पा घामानं निथळत होता. कधी काळी ज्या हातांनी त्यानं भल्याभल्यांना आस्मान दाखवलं होतं, त्या हातांना आता एक नट हलत नव्हता. शेवटी त्यानं पाना जमिनीवर टाकला आणि तिथंच फतकल मारून बसला.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "माझा जोर गेला गं. मी म्हातारा झालो. उगाच तुला थांबवून ठेवलं. पहिल्याच दिवशी बैलगाडीनं गेली असतीस, तर आज तुझं काम झालं असतं."

बाळाक्कापुढं आणखी एक अंधारं वर्ष उभं होतं. पण शेजारचा माणूस असा खचलेला तिनं कधी ऐकला नव्हता.

"मला तिथं ने," ती म्हणाली. "त्या नटापाशी."

"हात घाण होतील, अक्का."

"होऊ देत. धुता येतात."

सुगंधानं तिला धरून गाडीपाशी बसवलं. बाळाक्कानं नटावर बोटं ठेवली. चिखल, वंगण आणि धूळ यांची खपली तिथं दगडासारखी वाळली होती. आंधळेपणानंही तिच्या बोटांचं शहाणपण नेलं नव्हतं. ती नटाच्या कडेकडेनं, अगदी सावकाश बोट फिरवत राहिली.

"लेका, जोर गेला म्हणतोस? या नटाचे कोपरे झिजवलेस की तू! जोर मायंदाळ आहे." मग तिचं बोट थांबलं. "पण इथं काहीतरी टोचतंय. सुईसारखं. आरपार गेलंय बघ."

रायाप्पा पुढं सरकला. त्यानं खिळ्यानं ती खपली खरवडून काढली, फडक्यानं नट पुसला. नटाच्या खाचेतून एक बारकी लोखंडी पिन आडवी गेली होती, आणि तिची टोकं दोन्हीकडं मुडपली होती. नट फिरू नये, म्हणूनच ती तिथं बसवलेली होती. सकाळपासून तो हत्तीच्या बळानं ओढत होता, आणि करंगळीहून बारीक पिन त्याला अडवत होती.

त्यानं पकडीनं टोकं सरळ केली आणि पिन उपसली. मग पाना लावला. नट एकदा कुरकुरला आणि फिरला.

सुगंधा हसली. "हिनंच सारा घोळ घातला. फेकून द्या मेलीला."

"नको गं बाई," बाळाक्का म्हणाली. "इतकी वर्षं हिनंच चाक धरून ठेवलंय. हिचा कसला दोष?"

चाक निघालं, ठिगळ लागलं, हवा भरली. रायाप्पानं नट आवळला आणि ती पिन होती तशी पुन्हा खाचेत घालून तिची टोकं मुडपली. सुगंधानं फाटक उघडलं. बाळाक्का मागं बसली आणि तिनं त्याचा सदरा घट्ट धरला.

तालुक्याला पोचले, तेव्हा डॉक्टर पेट्या बांधत होते. रायाप्पा त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला. "साहेब, उशीर माझ्यामुळं झाला. शिक्षा हिला नको."

डॉक्टरांनी त्याच्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं आणि एक पेटी पुन्हा उघडली. डोळ्यांवरचा पडदा निघाला, आणि आठवड्यानं बाळाक्का गावात परतली, ती कुणाचाही हात न धरता.

पुढं एकदा देवळाच्या दाराची कडी अडकली. पोरं धक्के मारून दमली आणि त्यांनी रायाप्पाला बोलावलं. तो आला, दाराशी उकिडवा बसला आणि कडीभोवती सावकाश बोटं फिरवू लागला.

एक पोरगा हसून म्हणाला, "काय पैलवान, जोर कमी झाला वाटतं?"

"झाला खरा," रायाप्पा बोटं न थांबवता म्हणाला. "आणि तो झाला म्हणून लाजायचं, तेही कमी झालं."

ऐकणाऱ्यांनी गाठीशी बांधावं ते एवढंच: अडलेल्या गोष्टीशी झुंजण्याआधी, ती कशापायी अडली आहे ते चाचपून पाहावं.