गच्चीवर अडकलेली माणसं

नगरपालिकेच्या अग्निशमन दलात असलेले ज्ञानेश्वर लांजेवार आग विझवताना गेले. त्यांच्या मुलीने, प्रणिताने, अनुकंपा नोकरीसाठी अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. इकडे आई चार घरची भांडी घासू लागली, धाकट्या भावाची शाळा कायमची सुटली. पाच वर्षांनी मुख्याधिकारी किनखेडे साहेबांनी प्रणिताला एकदाचं बोलावलं.

साहेबांना नियम समजावून सांगायची भारी हौस. खुर्चीत रेलून ते म्हणाले, "हे बघ बेटा, अनुकंपा म्हणजे अडचणीतल्या कुटुंबाला तातडीची मदत. तुम्ही तर पाच वर्षं तग धरलात. म्हणजे आता गरज उरली नाही. अर्ज नामंजूर करावा लागेल."

प्रणिताने मान हलवली. "बरं साहेब. एक विचारू? परवा कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली, तेव्हा आपला बंब उशिरा पोहोचला. गच्चीवर एक हमाल अडकला होता ना?"

"होता तर! मी स्वतः उभं राहून शिडी लावून घेतली. पेपरात फोटो आलाय माझा."

"पण साहेब, बंब येईपर्यंत त्यानंही तग धरलाच होता. मग आता गरज नाही म्हणून बंब परत का नाही नेला?"

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला.

प्रणिता शांतपणे म्हणाली, "आम्ही अजून गच्चीवरच आहोत, साहेब."

साहेबांनी नामंजुरीसाठी उघडलेलं पेन तसंच धरलं, अर्ज पुढे ओढला आणि मंजुरीची सही केली.