पदीबायचा अळणी घास

फार वर्षांमागं, खाडीवर पूल नव्हते आणि माणसं होडीतूनच ये-जा करायची, तेव्हा पाणखार नावाच्या गावात पदीबाय राहायची. गाव मिठागरांचं. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि तळाशी उरलेलं मीठ ओढून त्याच्या राशी लावायच्या, हाच गावाचा धंदा. चैत्रातल्या दुपारी होडीतून पाहिलं तर सगळं गाव ढगावर बसल्यासारखं दिसायचं, असं म्हणतात.

त्या गावाला मिठाचा मोठा तोरा. पानावर भात पडायच्या आधी मीठ पडायचं, आणि तेही चिमूटभर नव्हे, मूठभर. कालवणात मीठ असलं तरी वरून आणखी घ्यायचं. आधी चाखून मग मीठ मागणाऱ्याला लोक हसायचे. पाहुण्याचा मान तर त्याच्या पानावरच्या मिठाच्या ढिगावरून ठरायचा.

पदीबायचा नवरा हसुराम या बाबतीत गावाच्या पुढे. तो ताकात मीठ घाली, कलिंगडावर मीठ घाली, आणि कामावर असताना नुसता खडाही तोंडात धरी. अंगानं दांडगा, बांध घालण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण चाळिशी ओलांडली आणि त्याचे पाय सुजू लागले. डोकं ठणकू लागलं. एका दुपारी मीठ ओढता ओढता तो वाफ्यातच बसला, आणि उठायला गेला तर डावा हात उचलेना.

पलीकडच्या तीरावरून वैदूबाबाला आणलं. त्यानं हसुरामची नाडी पाहिली, पायाच्या सुजेवर बोट दाबून पाहिलं, मग पानावरच्या मिठाच्या ढिगाकडं पाहिलं.

"याचं मीठ तोड, बाय," तो पदीला म्हणाला. "नाहीतर पुढचा पाऊस हा बघायचा नाय."

पदीनं त्या दिवसापासून अळणी रांधायला घेतलं. हसुरामनं एक घास खाल्ला आणि पान सरकवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"ज्यानं जन्मभर मीठ पिकवलं, त्यानं अळणी खायचं?" तो म्हणाला. "ही माती खाण्यासारखी गोष्ट हाय, पदी. तू खाऊन बघ."

पदीनं त्याचंच पान आपल्यापुढं ओढलं आणि ती जेवली. तिलाही तो भात मातीसारखा लागला. डोळ्यांत पाणी आलं, पण पान तिनं संपवलं. त्या दिवसापासून तीही अळणीच खाऊ लागली. हसुराम कण्यांची पेज पिऊन कसाबसा जगत होता आणि ती रोज त्याच्यासमोर बसून तो बेचव भात चावत होती, चावत होती.

असं म्हणतात, एकविसाव्या दिवशी तिची जीभ उघडली.

दुपारची वेळ होती. वाफ्यांवर ऊन असं पसरलं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. पदीनं घास तोंडात घातला आणि तिचा हात थांबला. भात गोड होता. गुळासारखा नव्हे, दुधाळ दाणा हिरवा असतानाच तोडून चावावा, तसा. त्या गोडाच्या मागून तिला शेत दिसलं. डोंगराकडचं, बगळे उतरलेलं, कडेला जांभळीचं झाड असलेलं. तिनं डोळे मिटले आणि हलक्या आवाजात बोलू लागली.

"हा वरच्या शेतातला भात. कापणीच्या आधी त्यात बगळे होते. जांभळीची सावली पडायची त्या कोपऱ्यातला."

हसुराम ऐकत राहिला. मग पानातल्या मासळीकडं बोट करून म्हणाला, "आणि मासळीत काय हाय?"

"मासळी पहाटेच्या पाण्यातली. नदी खाडीला मिळते तिथली. अर्धी गोडी, अर्धी खारी."

हसुरामनं उजवा हात पुढं केला. तिनं त्यात घास दिला. त्यानंही डोळे मिटले आणि तिच्या बोलण्यामागून हळूहळू चावत गेला. त्या दुपारी त्याचं पान रिकामं झालं. पुढं रोज ती सांगायची आणि तो जेवायचा. महिन्याभरात त्याच्या पायाची सूज उतरली. दोन महिन्यांनी तो काठी न घेता बांधावर फिरू लागला. डावा हात मात्र थोडा अधूच राहिला.

गावाला हे रुचलं नाही. गोमा पाटील, ज्याचा शब्द गावात चालायचा, दारात येऊन उभा राहिला.

"पदी, व्यापारी विचारतात, तुमच्या मिठात खोट हाय काय? तुमचीच माणसं खात नाहीत म्हणून."

"मीठ चांगलं हाय, पाटील," ती म्हणाली. "आमचा हात तेवढा सैल होता."

पाटील पाठ फिरवून निघून गेला. त्यानंतर गावजेवणात पदीला रांधायला कोणी बोलावलं नाही.

मग वैशाखाची अमावास्या जवळ आली. पदी गावच्या विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी प्याली आणि तशीच उभी राहिली. पाण्यात खार होता. केसाएवढा, पण होता. पाणखारला पिण्याच्या पाण्याची ती एकच विहीर. खाडीकडच्या बांधाच्या आडोशाला, जुन्या माणसांनी नवसानं खणलेली.

"खाडी विहिरीत शिरतेय," तिनं पाणवठ्यावरच्या बायांना सांगितलं. "बांध आतून फुटलाय."

बायांनी पाणी चाखलं. कोणाला काही लागलं नाही. गोमा पाटलानं तांब्या भरून घेतला, पुरता प्याला आणि म्हणाला, "गोड हाय."

तेव्हा हसुराम पुढं आला. एक घोट त्यानं तोंडात बराच वेळ धरला.

"खार हाय," तो म्हणाला. "परवा उधाण हाय. बांध गेला तर विहीर जाईल आणि विहीर गेली तर गाव उठेल."

कोणी हललं नाही. दोघं नवराबायको फावडं घेऊन बांधावर गेली. पदी पावला-पावलावर वाकायची, बांधाच्या आतल्या अंगाची ओली माती जिभेला लावायची आणि पुढं सरकायची. असं म्हणतात, ती चालली तसे बगळे तिच्या मागून बांधावर ओळीनं उतरत गेले आणि एकानंही आवाज केला नाही. एका जागी ती थांबली. हसुरामनं एका हातानं खणलं. हातभर खाली खेकड्यांनी पोखरलेलं भगदाड होतं आणि त्यातून खाडीचं पाणी शांतपणे गावाकडं वाहत होतं.

ते पाहायला आधी गोमा पाटीलच आला. त्यानं धोतर खोचलं आणि तो भगदाडात उतरला. मग सगळं गाव उतरलं. दोन दिवस दगड, चिखल आणि तिवराच्या फांद्या वाहिल्या. अमावास्येच्या भर दुपारी उधाण आलं, बांधाच्या माथ्यापर्यंत चढलं, वीतभर खाली थांबलं आणि माघारी गेलं. लोक सांगतात, ते पाणी बांधापाशी उभं राहून पदीबायकडं बघत होतं.

त्या संध्याकाळी पाटलानं आपल्या हातानं पदीला वाढलं. पानावर मीठ नव्हतं. "तू माग, मग देतो," तो म्हणाला.

पदीबाय खूप जगली. हसुरामही तिच्याबरोबर म्हातारा झाला.

पाणखारला मीठ आजही पिकतं आणि लोक ते चवीनं खातात. पण तिथं मीठ पानावर आधी पडत नाही. लग्न असो, बारसं असो, पहिला घास अळणी. त्याला पदीबायचा घास म्हणतात. तो घेताना पंगत डोळे मिटते, क्षणभर बांधापलीकडची खाडी तेवढी ऐकू येते. मग यजमान मिठाची वाटी घेऊन पंगतीतून फिरतो आणि प्रत्येकापाशी वाकून विचारतो, "लागतंय का?"