सात कोसांचा नकार

फार पूर्वी पश्चिम समुद्राच्या काठी वेलापट्टण नावाच्या बंदरावर राजा महासेनाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मले होते आणि त्यांचे नाव सुदंत होते. त्यांच्या हाताला गुण होता. गरिबाकडून ते काही घेत नसत आणि श्रीमंताकडे मागायला विसरत, त्यामुळे घरात औषधांच्या वासाखेरीज फारसे काही साठले नव्हते.

बंदरापासून सात कोसांवर, भर समुद्रात, शंखद्वीप नावाचे बेट होते. चाळीस घरे, पुष्कळ माड आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. तिथे शुक्ती नावाची कोळीण राहत असे. नवरा समुद्राने नेलेला, पदरी चार वर्षांची लेक, पोवळी. एका वर्षी उधाणाचे पाणी काठावरची सारी घाण घेऊन विहिरीत शिरले आणि आठवडाभरात बेटावर हगवण पसरली. तीन माणसे गेली, अकरा अंथरुणाला खिळली. अकरावी पोवळी. एका दिवसात पोरीचे डोळे खोल गेले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना ती रडू लागली तर डोळ्यांतून पाणीच येईना. शुक्तीने तिला शेजारणीच्या मांडीवर ठेवले, होडी पाण्यात लोटली आणि एकटीने वल्हे हाती घेतले.

आता बेटावरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. शंखद्वीपाची माणसे समुद्रापलीकडच्या कुणालाही ‘या’ म्हणत नसत. बोलावलेला माणूस वाटेत बुडाला तर त्याचे मरण बोलावणाऱ्याच्या माथी, असे ती मानत. म्हणून शेजारच्या बेटावरच्या जावयालासुद्धा ‘येऊ नका’ असाच निरोप जाई, आणि इकडे सासू त्याच्यासाठी मासे भाजायला घेई. जावयांना ते नीट समजे. किनाऱ्यावरच्या लोकांना मात्र याचा पत्ता नव्हता. बेटावरचे लोक तुसडे आहेत, असे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मत होते.

शुक्ती बंदराला लागली तेव्हा सूर्य डोक्यावर यायचा होता. गावात तोरणे लागली होती. त्या संध्याकाळी राजा सुदंतांना राजवैद्याची वस्त्रे देणार होता. न्हाव्याने नुकतीच दाढी आटोपली होती, दारात पालखी उभी होती आणि राजाचा कारभारी वैद्यांच्या फेट्याचा रंग ठरवीत होता. शुक्ती त्या गर्दीतून वाट काढत ओसरीपर्यंत पोचली. तिचे तळहात सोलून निघाले होते.

“वैद्यबाबा, आमच्या बेटावर हगवण लागलीय,” ती म्हणाली. “तिघं गेली, अकरा पडलीत. माझी पोर बी पडलीय. तुमी येऊ नका.”

कारभाऱ्याला हायसे वाटले. त्याने तिच्या शहाणपणाचे कौतुक केले, रोगाच्या ठिकाणी पाहुण्याला नको म्हणणे किती योग्य आहे ते चारचौघांना समजावले आणि तिला वाटेसाठी गूळपोहे द्यायला सांगितले. शुक्तीच्या ओठांवर ‘या’ आले होते. पण हाच समुद्र, ज्याने तिचा नवरा नेला, तो या भल्या माणसालाही नेईल या भीतीने ते बाहेर पडेना. ती तशीच उभी राहिली. पोह्यांना तिने हात लावला नाही.

सुदंत तिच्या हातांकडे पाहत होते.

“मी नाही आलो, तर काय करशील?” त्यांनी विचारले.

“तर हितंच बसेन.”

“आणि पोर?”

शुक्तीने वळून समुद्राकडे पाहिले.

सुदंत उठले. “नको म्हणायला कुणी सात कोस वल्हं मारीत येत नाही, बाई,” ते म्हणाले, आणि खुंटीवरची औषधांची पोतडी काढून त्यांनी खांद्याला लावली. कारभारी गडबडला. मुहूर्त चुकला तर राजा पद दुसऱ्याला देईल, असे त्याने बजावले. तो दुसराही चांगला वैद्य आहे, राजाची काळजी नीट घेईल, असे सांगून सुदंत अर्धवट बांधलेल्या फेट्यानेच धक्क्याकडे निघाले. त्यांच्यामागे शुक्ती अक्षरशः धावत होती. इतका वेळ न आलेले रडू तिला आता येत होते, आणि तिला त्याचे हसूही येत होते.

भद्रक नावाच्या तांडेलाने आपले शिडाचे गलबत दिले, आणि कुरकुरत का होईना, सुकाणूही स्वतःच धरले. वारा पाठीशी होता. गलबत लाटांवरून असे सुटले की शुक्तीला वाटले, आपण उडतो आहोत. माडांचे शेंडे दिसू लागले तसा तिचा जीव नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकावर, जाऊन बसला. पण बेटाभोवती खडकांचे कडे होते. भरतीच्या पाण्यातच त्यातून वाट मिळे, आणि पाणी उतरू लागले होते. काळे खडक डोकी वर काढत होते. भद्रकाने शीड पाडले. गलबत फुटेल, सकाळच्या भरतीपर्यंत थांबू, असे तो म्हणाला.

सकाळपर्यंत पोवळी उरणार नव्हती. शुक्तीने एकदा बेटाकडे पाहिले आणि पाण्यात उडी टाकली. खडकांतून चाचपडत ती पुढे चालू लागली. जिथे पाणी गळ्याशी येई तिथे थांबून ती हात वर करी. जिथे कमरेला लागे तिथून मागे फिरून दुसरी फट शोधी. गलबताला गळ्याइतके पाणी पुरेसे होते. भद्रकाच्या ते ध्यानात आले आणि त्याची कुरकुर बंद झाली. तिच्या हातामागून तो सुकाणू वळवू लागला. एकदा तळ खडकाला घासला, आणि दुसऱ्या क्षणी गलबत आतल्या संथ पाण्यात आले. खलाशांनी आरोळी ठोकली. बेटावरची माणसे किनाऱ्यावर धावत आली.

पोवळी जिवंत होती. पण तिचे ओठ भेगाळले होते आणि जीभ कोरडी पडली होती. सुदंतांनी विचारले, पाणी कधी दिले? हगवण लागलेल्याला आम्ही पाणी देत नाही, बेटाच्या म्होरक्याने सांगितले. वरून घातले तेवढे खालून जाते, म्हणून ते तोडायचे, ही वाडवडिलांची रीत. सुदंतांनी विहिरीचे पाणी हुंगले आणि ती बंद करायला लावली. मग त्यांनी वर पाहिले. प्रत्येक घरावर शहाळ्यांनी लगडलेले माड वाकले होते.

“अरे, एवढं स्वच्छ पाणी डोक्यावर लटकतंय आणि तुमची माणसं तहानेनं मरतायत,” ते म्हणाले. “चढा.”

कुणी हलले नाही. रीत मोडायची कुणी? सुदंतांनी शहाळ्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून वाटी पुढे धरली, पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. एक रीत शुक्तीने सकाळपासून जिवापाड सांभाळली होती. दुसरी तिने मोडली. वाटी घेऊन तिने पहिला घोट पोरीच्या ओठांत सोडला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. पोवळीने वाटीची कड दातांत धरून ठेवली, तेव्हा म्होरक्या स्वतः उठला, कोयता कमरेला खोचला आणि सरसर माडावर चढला. त्याच्यामागून अख्खे बेट चढले. शहाळी धपाधप पडू लागली, बाया मीठ घालून घराघरांत पळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तेव्हा शुक्तीची मांडी एकाएकी ओली झाली. पोवळीने दोन दिवसांनी लघवी केली होती. शुक्ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारपाजारचे गोळा झाले. सुदंतांनी ती ओली मांडी पाहिली आणि एखाद्याने रत्नांचे ताट पाहावे तसा त्यांचा चेहरा उजळला. अकरांतली दोन म्हातारी माणसे वाचली नाहीत. नऊ वाचली.

राजवैद्याची वस्त्रे दुसऱ्याला मिळाली. सुदंत विहीर उपसून होईपर्यंत बेटावर राहिले, आणि पुढे दरवर्षी पावसाळा सरला की भद्रकाच्या गलबतात औषधे भरून ते बेटाबेटांवर जात राहिले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनातल्या विहारात सांगितली. विहाराच्या टोकाच्या कुटीत उत्पला नावाची वृद्ध भिक्षुणी तापाने पडली होती. माझ्यासाठी कुणी येऊ नये, असा निरोप तिने पाठवला होता, आणि भिक्षू तो निरोप पाळून निवांत बसले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा कारभारी म्हणजे आज हा निरोप घेऊन आलेला आणि ऐकून समाधान पावलेला भिक्षू. तांडेल भद्रक म्हणजे तिच्या कुटीत पाणी भरणारा उपासक. सुदंत वैद्य मीच होतो. आणि शुक्ती आता त्या कुटीत एकटी आहे. माणसाच्या नकारामागची तहान ज्याला ऐकू येते, त्याच्या ठायी मैत्री पूर्ण झाली असे जाणा.”

एवढे बोलून शास्ते आसनावरून उठले आणि पाण्याचे भांडे घेऊन कुटीकडे चालू लागले. निरोप आणणारा भिक्षू त्यांच्याही पुढे धावत गेला.