पाण्याची पाळी

राजे स्वतः बांधाबांधानं फिरायचे, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका गावाला पाण्याची फार टंचाई होती. राजानं नदीला बंधारा घातला आणि गावातून पाट काढून दिला. नियम एकच केला. दर आठ दिवसांनी पाट सुटेल. ज्याचं रान भिजलं त्यानं बांधातलं आपलं दारं, म्हणजे पाटाचं पाणी रानात घ्यायची वाट, मातीनं बुजवावं आणि पाणी खालच्याला सोडावं.

नियम साधा, पण हैबती नावाच्या शेतकऱ्याला तो काही पचेना. लहानपणी त्यानं दुष्काळ पाहिला होता, चिंचेचा पाला उकडून खाल्ला होता. वाहता पाट पाहूनही त्याला वाटायचं, "आज पाणी सोडलं आणि पुढच्या पाळीला आलंच नाही, तर?"

त्यानं ज्वारी सोडली, तूर सोडली, सगळ्या रानात कायम पाणी पिणारा ऊस लावला, म्हणजे दारं बुजवायलाच नको. त्याचं पाहून वरच्या अंगाच्या सगळ्यांनी ऊसच केला. पूर्वी पेरणी-काढणीला सारं गाव एकमेकांच्या रानात राबायचं. आता जो तो फावडं घेऊन आपल्याच दाऱ्यापाशी उभा! शेजाऱ्याला रामराम घालायचीही सोय उरली नाही, नजर हटली की पाणी गेलं.

हैबतीच्या खाली सारजाकाकूचं रान होतं. पाटावरचं ते शेवटचं. एक दिवस काकू बांधावर आली.

"हैबती, ज्वारी पोटऱ्यात आलीय रे. एवढी एक पाळी लवकर दारं बुजव. नाहीतर कणसात दाणा भरायचा नाही."

"काकू, माझाच ऊस तहानलाय!" हैबती म्हणाला. आणि हे म्हणताना गडी स्वतः घोटाभर चिखलात उभा होता.

काकूनं त्या चिखलाकडे पाहिलं आणि निघून गेली. तिची ज्वारी उभ्या उभ्या वाळली. पुढल्या वर्षी तिनं पेरलंच नाही. ती लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

तीन वर्षं गेली आणि हैबतीच्या उसाची पानं पिवळी पडू लागली. त्याचा जीव टांगणीला लागला. ऊस तहानला असेल म्हणून त्यानं आणखी पाणी पाजलं. ऊस आणखी पिवळा पडला. मग जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, तर खारट!

पाटाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याला त्यानं हाताला धरून रानात आणलं.

"अरे शहाण्या," म्हातारा म्हणाला, "तुझं रान तहानेनं नाही, पाण्यानं मरतंय. साचलेल्या पाण्यानं जमिनीतलं मीठ वर आलंय. चर खणून पाणी बाहेर काढ, नाहीतर उद्या इथं गवतही उगवायचं नाही."

"कुठून काढू?"

"पाणी उताराला जाणार. आणि उतार आहे सारजाकाकूच्या रानात."

हैबती काकूच्या दारात जाऊन उभा राहिला. चर खणायला तिच्या रानातून वाट मागितली. काकूनं सगळं ऐकून घेतलं.

"गोड पाण्याला माझ्या रानाची वाट सापडली नाही. खारट पाण्याला बरी सापडली!" काकू पुढं म्हणाली, "खण. माझ्या बांधाच्या कडेनं ओढ्यापर्यंत खण. माझं रान पडीक पडलं म्हणून तुझंही पडावं, इतकी काही मी वाईट नाही."

हैबती महिनाभर एकटाच चर खणत राहिला. मदतीला कोण येणार? जो तो आपल्या दाऱ्यापाशी अडकलेला.

चर पुरा झाला आणि पाळी आली. रान पुरतं ओलं झाल्यावर हैबतीनं फावडं उचललं. परत आलंच नाही, तर? तरी त्यानं दाऱ्यात माती ओढली. पाणी वळलं आणि काकूच्या भेगाळलेल्या रानात शिरलं.

पुढले आठ दिवस हैबतीनं वरच्या वळणाकडे डोळे लावून काढले. आठव्या दिवशी पाणी आलं. ते दर आठव्या दिवशी येतच होतं.

काकूच्या रानात पुन्हा ज्वारी डोलू लागली. हैबतीचं निम्मं रान हळूहळू सुधारलं. उरलेलं निम्मं मात्र पांढरं ते पांढरंच राहिलं, त्याच्या नातवंडांनाही त्यात काही पिकवता आलं नाही.

तात्पर्य : उद्याच्या भीतीनं शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी अडवलं, की ते आपल्याच मुळाशी साचून आपलंच रान नासवतं.