खारीचा निकाल आणि कोल्ह्याची उंबरे

डोंगरउतारावरच्या एका रानात एक खार राहत असे. उन्हाळाभर धावपळ करून ती चारोळ्या साठवी, कारण पिल्ले झाली की त्यांचे डोळे उघडेपर्यंत तिला घरट्याबाहेर पाऊल टाकता येत नसे. यंदा तिचा साठा भरला आणि शेजारचा कोल्हा लंगडत झाडाखाली आला. "खारूताई, पायात काटा मोडलाय गं, शिकार होत नाही. दोन ढीग चारोळ्या उसन्या दे, पंधरा दिवसांत फेडतो." खारीला दया आली आणि तिने होता नव्हता तो साठा दिला. कोल्ह्याचा पाय आठवड्यात बरा झाला. दोन महिने उलटले, खारीला दिवस जड जाऊ लागले आणि तिने आपल्या चारोळ्या मागितल्या, तेव्हा मात्र हा शहाणा विचारतो, "कसल्या चारोळ्या?"

खार अस्वलाच्या दरबारात गेली. अस्वलाने दोघांचे म्हणणे ऐकले आणि पळसाच्या पानावर नखाने निकाल कोरला : कोल्ह्याने खारीचे दोन ढीग परत करावेत. खारीला वाटले, पान दाखवले की चारोळ्या मिळाल्याच! ती उड्या मारत कोल्ह्याच्या बिळाशी गेली. कोल्ह्याने पान उलटसुलट पाहिले. "अक्षर सुरेख आहे हो अस्वलाचं. जपून ठेव," म्हणून तो आत जाऊन झोपला.

खार रडकुंडीला येऊन पुन्हा दरबारात आली. अस्वल जांभई देत म्हणाले, "माझं काम निकाल द्यायचं. त्याच्याकडे काय आहे ते तू शोधून दाखव. जप्तीला मी कासवाला पाठवतो." मुलांनो, जप्तीला कासव! ते चौथ्या दिवशी पोहोचले, तोवर कोल्ह्याने सगळे मेव्हण्याच्या बिळात हलवले होते. मागे उरले होते फक्त गवताचे अंथरूण. "अंथरूण जप्त करता येत नाही, तसा कायदाच आहे," कासव म्हणाले आणि परत फिरले. कायदा वाईट नव्हता. गरिबाच्या अंगाखालचे गवत कुणी ओढू नये म्हणून तो केलेला. पण त्याच गवतावर हा लबाड पाय पसरून हसत होता, आणि जिचे लुबाडले ती जड पोटाने रानभर खेटे घालत होती. संताप येईल नाही तर काय!

पण खारीने हाय खाल्ली नाही. ती कोल्ह्यावर नजर ठेवू लागली. एका सकाळी तिने पाहिले, उंबराखाली कोल्हा उभा आहे आणि वानरे त्याच्यासाठी उंबरांचा ढीग खाली टाकत आहेत. तो गेल्यावर तिने म्हाताऱ्या वानराला विचारले, "आजोबा, ही उंबरं कसली?"

"बिबट्या आला की तो ओरडून सांगतो. त्याची रोजची मजुरी आहे ही."

"म्हणजे उद्याची मजुरी अजून तुमच्याकडेच आहे!" खार म्हणाली आणि तशीच दरबारात धावली.

या वेळी अस्वलाचा हुकूम कोल्ह्याला नव्हता, वानरांना होता : रोजची अर्धी उंबरे कोल्ह्याच्या पोटाला, अर्धी खारीला, दोन ढीग फिटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी अर्धाच ढीग पाहून कोल्हा खवळला. "ही माझ्या कष्टाची आहेत!"

"चारोळ्या माझ्या कष्टाच्या नव्हत्या?" खारीने विचारले.

चार दिवसांनी ढीग फिटले. पण पहिली अर्धी उंबरे मिळायच्या आतच पिल्ले झाली होती आणि ते चारही दिवस डोळे न उघडलेली पिल्ले घरट्यात एकटी टाकून खार उंबराखाली येत होती. शेवटच्या दिवशी अस्वल मिशीवर ताव देत म्हणाले, "पाहिलंस ना? आमच्या दरबारात न्याय होतोच!"

खार थांबली. "महाराज, तुम्ही मला पान दिलंत. न्याय मी स्वतः पळून पळून गोळा केला," असे म्हणून तिने शेवटचे उंबर उचलले आणि ती पिल्लांकडे धावली.

तात्पर्य : निकाल हाती आला म्हणजे हक्क हाती आला असे नाही, आणि जो निकाल देऊन स्वस्थ बसतो, त्याने अर्धाच न्याय केलेला असतो.