साळिंदराच्या रांजणाची टिटवी

त्या मुलखात कुणीच कुणाशी थेट बोलत नसे. जे बोलायचं ते आधी कड्याला सांगायचं आणि कड्याने ते सगळ्यांना ऐकवायचं, अशी रीत होती. कडा काळा, उंच होता आणि त्याच्यावर आदळलेला आवाज दुप्पट होऊन परत येई. मूळचा तो कुणाचाच नव्हता. पुढे एका हत्तीने तो घेतला. कुणाकडून घेतला हे विचारायचं राहून गेलं, कारण विचारायचं तर तेही कड्यालाच विचारावं लागलं असतं.

सोय मात्र मोठी होती. एकाच गव्हाणीत तोंड घालून खाणारं गाढवाचं जोडपंसुद्धा "जरा सरक" हे एकमेकांना कड्यामार्फत सांगे, आणि निम्मा मुलूख जरा सरकत असे. हत्तीने त्यात एक सुधारणा केली. ज्या आवाजावर जनावरं जास्त पाय आपटतील तो कडा आधी ऐकवील आणि पुन्हा पुन्हा ऐकवील. पाय रागाने आपटले की आनंदाने, याच्याशी कड्याला देणंघेणं नव्हतं. एका माकडाने रोज सकाळी उठून एकेका जातीच्या जनावराला शिवी घालायचा नेम धरला, आणि दोन मोसमांत ते मुलखातलं थोर विचारवंत गणलं गेलं. एवढ्या पाय आपटण्याने कड्याचे दगड सुटून नदीत पडत होते, पण दगड पडल्याचा आवाज कड्याने कधी ऐकवला नाही, म्हणून ते कुणाला ठाऊक नव्हतं.

या मुलखात एक टिटवी होती. नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं, तिथे चार खडे बाजूला सारून ती अंडी घाली. दर मोसमात हत्तीची आंघोळ असे, आणि त्या दिवशी वरच्या तळ्याचा बांध फोडून नदीला पाणी सोडत. आदल्या मोसमात टिटवीने आठ दिवस आधीपासून कड्याला विनवलं होतं, की कुणीतरी या, अंड्यांभोवती दगडांचं कडं करून द्या, माझ्या चोचीने दगड हलत नाही. त्या आठवड्यात मोराच्या नाचाची चढाओढ चालू होती. टिटवीची हाक कड्याने ऐकवली ती पाणी ओसरून गेल्यावर तिसऱ्या दिवशी. ऐकून सगळा मुलूख हळहळला. इतके पाय आपटले गेले की ती त्या मोसमातली सर्वांत गाजलेली हाक ठरली. हत्तीने तिला बोलावून अभिनंदन केलं आणि पुढच्या वर्षी असंच काहीतरी घेऊन ये म्हणाला.

पुढच्या वर्षी टिटवीने पुन्हा चार अंडी घातली आणि आंघोळीला आठ दिवस उरले असताना ती नवऱ्याच्या हवाली करून नदीपल्याड गेली. तिकडे कडा नाही, तिकडे रांजणात बोलतात, असं तिने ऐकलं होतं. सांगणारा कावळा होता. तो तिकडे जाऊन अर्ध्या दिवसात परत आला होता. सगळं रिकामं आहे, म्हणाला, एक जनावर बोलत नाही. त्याने तिथे कुणाकडे कान लावला होता का, हे त्याला कुणी विचारलं नाही.

पल्याडच्या काठावर जागोजागी, पाणपोईला असतात तसे, मोठमोठे रांजण ठेवलेले होते. टिटवीने पहिल्याच रांजणापाशी बसलेल्या म्हाताऱ्या साळिंदराला विचारलं, की मुख्य रांजण कुठला?

"हाच," साळिंदर म्हणालं. "पलीकडे बगळ्याचा आहे, तोही मुख्यच. कुणाला विचारशील त्याचा मुख्य."

मग मालक कोण, असं तिने विचारलं. साळिंदराने चिकटवायची लाख बाजूला ठेवली. रांजणाला तडा गेला की तो लाखेने बुजवायचा, संध्याकाळी झाकण घालायचं आणि कुणी आत घाण बोललं तर त्याला उठवून लावायचं, एवढं काम त्याच्याकडे होतं. त्याला मालक म्हणतात का, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तिचं नाव रांजणाच्या गळ्यावर कोरून घेतलं: साळिंदराच्या रांजणाची टिटवी.

टिटवीला हे शेपूट आवडलं नाही. आपण साधी टिटवी आहोत आणि तेवढ्याने मुलूखभर ओळखतात, असं तिने सांगितलं. साळिंदर म्हणालं, बगळ्याच्या रांजणालाही एक टिटवी आहे, तीही साधीच आहे. नुसतं टिटवी म्हटलं तर दोघीही मान वर करतील.

रीत त्याने समजावून सांगितली. या रांजणातलं बोलणं वाऱ्यावर बाकीच्या रांजणांपर्यंत जातं. मात्र तिथे कुणी तुझ्याकडे कान लावून बसलं असेल, किंवा ओळखीच्या कुणी तुझं बोलणं हाताने पुढे केलं, तरच ते आत उतरतं. दगड हलवायचे तर खालच्या वळणावरची कासवं हवीत, आणि कासवांचा रांजण वेगळा. टिटवीने मान हलवली. अनोळखी गावात रस्ता विचारणारा जशी हलवतो तशी, म्हणजे पहिली दोन वाक्यं ऐकून.

तिने रांजणात तोंड घालून हाक मारली आणि थांबली. काही परत आलं नाही. जन्मभर तिने हाक दिली की ती दुप्पट होऊन परत येई, त्यावरून आपण बोललो हे तिला कळे. इथे रांजणाने हाक गिळली आणि गप्प बसला. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. मग हा रांजण फुटका आहे असं ठरवून ती बगळ्याच्या रांजणाकडे गेली, तिथे नाव कोरलं, हाक मारली, वाट पाहिली, आणि पुढे गेली. दोन दिवसांत तिने अकरा रांजणांवर नाव घातलं. एकानेही तिचा आवाज तिला परत दिला नाही.

आवाज गेला मात्र होता. अकराही ठिकाणी कुणीतरी कनवाळू निघालं आणि त्याने ती हाक कासवांच्या रांजणाकडे पुढे केली. कासवांनी पहिली ऐकली, तेव्हा ती उठायला लागली. चौथी ऐकली तेव्हा थांबली. अकरावी आली तेव्हा त्यांच्यातली वडीलधारी कासवमावशी म्हणाली, "अकरा टिटव्या आणि अंडी चारच? कड्याकडची काहीतरी सोंगं दिसतायत." आणि तिने टिटवीच्या अकराही नावांवर झाकण घातलं.

हे साळिंदराकडून कळल्यावर टिटवी संतापली. वरती कोण आहे त्याला बोलावा, त्याला सांगून ते झाकण काढवा, असा तिने हट्ट धरला.

"वरती?" साळिंदराने मान उचलून पाहिलं. "वरती बाभळ आहे. बाई, त्यांच्या रांजणाचं झाकण त्यांचं. मी माझं उघडं ठेवलंय, याहून मला काही करता येत नाही."

हत्ती निदान अभिनंदन तरी करतो, टिटवी म्हणाली. साळिंदर हसलं नाही. त्याने पुन्हा लाख मळायला घेतली.

पाच दिवस उरले होते. तिने दहा रांजणांवरची नावं खरवडून काढली, हे करण्यातच एक दिवस गेला. मग ती साळिंदराच्या रांजणापाशी बसली आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे तिने प्रथमच आत कान लावला. आतून कुजबूज येत होती. कुणी बुडाला ओल आल्याचं सांगत होतं, कुणी एका बेडकाच्या लग्नाबद्दल फार लांबण लावत होतं. एक पाणकोंबडी दोन दिवसांपासून विचारत होती, की माझी पिल्लं काही खात नाहीत, काय करू? टिटवीने सांगितलं, की वाळूतले बारीक खडे आधी चारा, मग किडे. दुसऱ्या दिवशी पिल्लांनी खाल्लं. पाणकोंबडी स्वतः बेटावर आली, अंडी पाहून गेली, आणि कासवांच्या रांजणाला, जिथे तिच्याकडे वर्षानुवर्षं कान लावलेला होता, तिने निरोप धाडला: ही टिटवी एकच आहे, साळिंदराच्या रांजणाची. अंडी चार आहेत, मी मोजली.

उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. टिटवी रांजणात पाहून येई आणि अंड्यांवर जाऊन बसे. आठव्या दिवशी सकाळी पलीकडे आंघोळीचे ढोल वाजू लागले. कडा ते दुप्पट करून ऐकवू लागला. टिटवीने पंख पसरून अंड्यांवर धरले, आणि त्याने पाणी अडत नाही हे तिला ठाऊक होतं.

तेव्हा पाण्यातून एक पाठ वर आली. मग दुसरी. सात कासवं होती, धापा टाकत होती.

"साळिंदराच्या रांजणाची तूच का?" कासवमावशीने विचारलं.

"ऐकलं होतं तर सांगायचं तरी होतं," टिटवी म्हणाली.

"तीन दिवस चालतोय गं. ऐकलं हे सांगायला परत वळलो असतो तर उद्या पोचलो असतो."

नदीच्या पात्रात काळे दगड पडलेले होते, कड्यावरून सुटलेले. कासवांनी ते पाठीने ढकलत आणून अंड्यांभोवती बसवले. कडं पुरतं जुळायच्या आत पाणी आलं. एका फटीतून ते आत घुसलं आणि चारांतलं एक अंडं घेऊन गेलं. तीन राहिली.

पुढे तिन्ही फुटली. पाणी ओसरलं होतं, कासवं वाळूवर ऊन खात पडली होती. थोरली दोन पिल्लं आईमागे किडे टिपत फिरू लागली. धाकटं अंड्यांभोवती रचलेल्या दगडांपाशी जाऊन चिवचिवलं, तर समोरच्या काळ्या दगडाने तो आवाज दुप्पट करून परत दिला. पिल्लू दचकलं. मग मान ताठ करून पुन्हा चिवचिवलं. दुपार झाली तरी ते तिथेच होतं, आणि पोटात काही गेलं नव्हतं.

टिटवी त्याला न्यायला आली. दगडासमोर उभी राहिल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू एक हाक दिली. ती परत आली, मोठी होऊन. कितीतरी दिवसांनी आली. तिने उपाशी पिल्लाकडे पाहिलं.

मग तिने कासवमावशीला बोलावलं. "मावशी, हा दगड पालथा घालता का?"

"चांगला बसलाय की."

"तरी घाला."

कासवमावशीने कुरकुरत दगड उलटा केला. त्याचं शेवाळलेलं बूड वर आलं. पिल्लू चिवचिवलं. काही आलं नाही. ते पुन्हा चिवचिवलं आणि मान वाकडी करून थांबलं. तेवढ्यात नदीपलीकडच्या गवतातून कुणाचा तरी बारीक आवाज आला. तो त्याच्या आवाजासारखा मुळीच नव्हता. पिल्लाने कान तिकडे केला.