सहा बादल्या वाळू

"चुकलं कुठं, ते तरी सांगा की, तांडेल!"

रोहिदास पाटोळे घामानं निथळत होता. अग्निशमन दलाच्या मानवंदना तुकडीचा तो म्होरक्या, आणि त्याची तुकडी म्हणजे काय विचारता! माणसं सहा, पण बूट एकच वाजायचा. मंत्री येवोत नाहीतर आयुक्त, याची मान ताठच्या ताठ.

आज चार वाजता अनंत टेमघरेची अंत्ययात्रा होती. रसायनांच्या गोदामाला लागलेल्या आगीत अनंत आत शिरला, तो तिसऱ्या दिवशी सापडला. शवपेटी उचलायचा सराव सकाळपासून चालला होता. आत वाळूचं पोतं, मोजून बहात्तर किलो. अनंताच्या सेवापुस्तकात तेवढंच वजन लिहिलेलं होतं.

हरबा तांडेल दलातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी असल्या दिवशी त्यांना बोलावणं जायचंच. ते उठले. पेटीचं झाकण काढलं, पोत्याचं तोंड सोडलं आणि भिंतीजवळच्या लाल बादल्यांत वाळू ओतायला लागले.

एक बादली. दोन. चार...

"अहो, हे काय करताय?"

सहावी बादली भरली तेव्हा तांडेल थांबले. पोत्याच्या तळाशी चार-सहा ओंजळी वाळू उरली होती.

रोहिदासनं पोत्यात वाकून पाहिलं.

"एवढंच...?"

"एवढंच उरलंय त्याचं. उचला."

सहा जणांनी सवयीनं जोर लावला. पेटी भस्सकन वर गेली आणि तिचा कोपरा रोहिदासच्या कानशिलावर आदळला.

"माझ्या हातून अस्संच झालं होतं एकदा," तांडेल म्हणाले. "गेलेल्या पोराची आई मागंच चालत होती. तिनं विचारलं, 'आत आहे ना हो माझा बाळ?'"

"मग? काय सांगितलंत तुम्ही?"

तांडेलांनी सहावी बादली भिंतीकडं सरकवली.

"मग ही वाळू राहू दे ना आत! कुणाला कळणार आहे?"

"वाळूला सलामी देणार?"

आता मात्र रोहिदास भडकला. "मग करू तरी काय? हलकं ते हलकंच! जड असल्याचं सोंग आणू?"

"भरतीच्या वेळी जोडीला कोण होतं तुझ्या?"

"...अनंता."

"कवायतीत खांद्यावर घेऊन शिडी उतरायचास त्याला. वरून काय म्हणायचा तो?"

रोहिदासनं तोंड फिरवलं. गोदाम पेटल्यापासून या पठ्ठ्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नुसता बूट घासत बसला होता.

"म्हणायचा... रोह्या, पाडू नको रे. माझी आई तुला सोडायची नाही."

"उचल."

पेटी उठली. सावकाश, इंचाइंचानं उठली. रोहिदासच्या मानेची शीर तटतटली. दहा पावलं चालला असेल नसेल, तोच आयुष्यात पहिल्यांदा त्याचा बूट वेगळा वाजला.

"तांडेल... पेलवत नाही हो."

"हां," तांडेल म्हणाले, "आता जा. घेऊन या त्याला."